पहारा माझा

१

बंदरात बोट लागली की समुद्रावरचे लोक आराम करतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकोणीस दिवसांचे कपडे एकदम कधी धुतलेले नसतात. मिठानं कडक झालेल्या चादरी, घामानं पिवळे पडलेले सदरे, एकमेकांत अडकून बसलेले मोजे. बाईंनी सोमवारी सकाळी ते सगळं दोन पोत्यांत कोंबलं, धक्क्याजवळच्या कपडे धुण्याच्या दुकानात नेलं, आणि मशीन फिरत असताना समोरच्या बाकावर बसून यादी केली. गॅसची टाकी भरणे. पाण्याचे कॅन. बटाटे, कांदे, अंडी. कप्तानांच्या गुडघ्याला पट्टा. मोठ्या शिडाची उसवलेली कड. आणि सगळ्यांत वर, खाली दोन रेघा मारून, सुकाणू.

बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. छत्तीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज, तो समुद्रावरही जराही बसला नव्हता. आणि कप्तान म्हणजे त्यांचे यजमान. सगळी नोकरी पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेली. कप्तान हे नाव बाईंनीच थट्टेनं ठेवलेलं आणि पुढं तेच चिकटलं. पाच वर्षांपूर्वी दोघांनी बत्तीस फुटी शिडाची बोट घेतली, तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला होता. म्हातारचळ दुसरं काय. लेक तेवढी म्हणाली होती, खुशाल जा, पण माझ्या बाळंतपणाला वेळेवर पोचा.

तेव्हा ती गंमत होती. आता लेकीला आठवा संपत आला होता. ती एका बेटावरच्या शाळेत शिकवायची, जावई सहा महिने जहाजावर, बेटावर एक नर्स आणि महिन्यातून एकदा येणारी मालवाहू बोट; आणि ती बोट नुकतीच येऊन गेली होती. इथून बेट अकरा दिवसांवर. गुरुवारपर्यंत निघालं तर वारा बेटापर्यंत पाठीशी राहणार होता. त्याहून उशीर झाला, तर वाटेतच फिरून दीड महिना तोंडावर. म्हणजे गुरुवारी संध्याकाळच्या भरतीला निघायचं, मग आभाळ कोसळो. बाईंनी लेकीला फोनवर तसा शब्द दिला होता, आणि बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

२

सुकाणूच्या दुरुस्तीसाठी बोट पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर ठेवली होती. ठोकळ्यांवरच्या बोटीत झोपायचं नाही, असा गोदीचा नियम. म्हणून दोघांनी गोदीला लागूनच एक खोली घेतली होती, शिडं शिवणाऱ्या एका बाईच्या दुकानाच्या वर. तिला सगळं बंदर शिडवाली म्हणायचं. खाली लांबच लांब लाकडी फरशी, तिच्यावर पांढऱ्या कापडाचे ढीग, आणि मध्ये शिडवाली, तोंडात टाचण्या धरून. तिचं मशीन सकाळभर घरघरायचं आणि बाराच्या ठोक्याला थांबायचं. वर जायला बारा पायऱ्या. खोलीत लाकडी पलंग, एक वेताची खुर्ची, भिंतीला खुंट्या, आणि गोदीकडे उघडणारी एकच खिडकी. खिडकीतून आपली बोट दिसते म्हणून कप्तान खूश झाले होते.

आता या दोघांची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

समुद्रावर चोवीस तास कुणीतरी जागं लागतं. दोघंच असली की चार तास एकाचा पहारा, चार तास दुसऱ्याचा. पहिल्याच वर्षी एकदा असं झालं की कप्तानांना वाटलं बाई जाग्या आहेत आणि बाईंना वाटलं कप्तान जागे आहेत. दोघंही ढाराढूर झोपली आणि एक मालवाहू जहाज वीस हातांवरून निघून गेलं. त्या दिवसापासून बाईंनी नियम केला. ज्याचा पहारा संपला त्यानं झोपलेल्याच्या उशाशी फळीवर दोनदा टकटक करायची. वारा, जहाजं, बोट, जे दिसतंय ते सांगायचं. मग म्हणायचं, पहारा तुझा. बाई अर्थातच कप्तानांना, पहारा तुमचा, म्हणायच्या. आणि समोरच्यानं ‘पहारा माझा’ असं तोंडानं म्हटल्याशिवाय जागत्यानं जागा सोडायची नाही, मग तो पडला तरी बेहत्तर. म्हटलं, की सुटला. खाली जाऊन दुसऱ्याच्या ऊबदार अंथरुणात निजायचं. आपल्यावर काही नाही. कुणीतरी जागं आहे.

त्या सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर कप्तान पलंगावर आडवे झाले आणि बाई खुर्चीत बसल्या. बारा ते चार हा त्यांचा पहारा. पाच वर्षांत दुपारी डोळा लागायची सवयच गेलेली. जमिनीवर पहारा कसला, पण अंगातून समुद्र निघायला दोन-तीन दिवस लागतात. फरशी अजून डुलत होती. खालचं मशीन थांबलं. झडपांतून उन्हाचे पट्टे आत आले होते. बाई बोटीकडे बघत बसल्या, बघता बघता उघड्या डोळ्यांनीच पेंगल्या.

धक्क्यावरच्या घड्याळानं चारचे ठोके दिले. बाई झोपेत चालावं तशा उठल्या. पलंगावर कुणीतरी डोक्यावरून चादर ओढून निजलं होतं. कप्तान तसेच निजतात. बाईंनी उशाशी फळीवर दोनदा टकटक केली.

“वारा नैऋत्य, हलका. दोन जहाजं, लांब. बोट ठीक. पहारा तुमचा.”

जरा वेळ गेला.

“पहारा माझा.”

त्यांच्या शेजारून कुणीतरी गेलं. मागं खुर्चीचा वेत कुरकुरला, वजन घेतल्यासारखा. बाई पलंगावर कोसळल्या. अंथरूण गार होतं, एवढं त्यांना झोपेत शिरता शिरता जाणवलं, आणि मग काहीच नाही.

३

जाग आली ती जिन्यावरच्या पावलांनी. सहा वाजले होते. कप्तान कोपरापर्यंत ग्रीस माखून वर आले आणि हात धुता धुता सांगायला लागले की सुकाणूचा दांडा वाकलाय, पण मुकादम म्हणतो उद्या सरळ करून बसवतो.

बाईंनी विचारलं, चार वाजता परत गेलात वाटतं.

कप्तान म्हणाले, परत कुठला? मी दोन वाजताच गेलो. मुकादमानं खालून हाक मारली, मी तुला सांगून गेलो, तू खुर्चीतून मान हलवलीस. चार वाजता मी सुकाणूखाली उताणा पडलो होतो.

बाईंचा नवऱ्यावर विश्वास होता, पण पडताळा घेतल्याशिवाय उत्तर मांडायचं नाही ही सवय. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदीच्या मुकादमाला गाठून आडून विचारलं. मुकादम वैतागला. दोनपासून सहापर्यंत तुमच्या मिस्टरांनी माझं डोकं खाल्लं, म्हणाला, चार वाजता तर हातोडा हरवला म्हणून दोघं शोधत होतो.

मग स्वप्न. थकलेल्या माणसाला काय वाटेल ते वाटतं. एकोणीस दिवस तुटक झोप, वरून दुपारचा उकाडा. बाईंनी ते गणित तिथंच सोडवून टाकलं. एक गोष्ट तेवढी त्यात बसत नव्हती. आल्या आल्या त्यांनी दुर्बीण तिच्या पिशवीत घालून खुंटीला लावली होती. ती आता पिशवीबाहेर, खिडकीच्या कठड्यावर होती. बसवायची तर बसवता येत होती. पेंगेत आपणच काढली असेल. बाईंनी दुर्बीण पिशवीत घातली आणि पिशवीचे दोन्ही बंद बांधले.

४

मंगळवारी सुकाणू बसलं. त्या आनंदात दोघं जेवून जरा पाच मिनिटं पडावं म्हणून पडली, आणि उठली ती बुधवारी सकाळी.

अशी झोप बाईंना लग्नानंतर लागली नव्हती. कप्तानांना तर कधीच नाही. त्यांची झोप मांजराची. बोटीवर दोरी जरा वेगळी वाजली तरी उठून बसायचे. त्या दिवशी ते डोळे चोळत म्हणाले, काय झोप लागली गं, लहानपणी आई जवळ बसायची तेव्हा लागायची तशी. बाईंना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, त्यांनाही हलकं वाटत होतं. फक्त पावणेवीस तास गेले कुठं, याचा राग आला. शीड आणायचं राहिलं होतं, पाणी भरायचं राहिलं होतं, बोट पाण्यात उतरवायला अकराची वेळ दिलेली.

निघताना त्यांचं लक्ष खुर्चीकडे गेलं. ती खिडकीसमोर होती, पण तिचं तोंड आता खिडकीकडे नव्हतं. तिरकी झाली होती, अर्धी खोलीकडे. बाईंनी सीटवर हात ठेवला. ऊन अजून खिडकीत आलेलं नव्हतं, आणि वेत कोमट लागला.

त्यांनी खुर्ची सरळ केली, खिडकीकडे तोंड करून, आणि यजमानांच्या मागून बारा पायऱ्या उतरल्या.

अकराला बोट पाण्यात गेली. सुकाणू लोण्यातून फिरावं तसं फिरलं. बाई म्हणाल्या, आता सामान बोटीवर हलवू आणि आजपासून तिथंच झोपू. कप्तान म्हणाले, झोपू की, पण दुपारी जरा वर पडतो, गुडघा ठणकतोय. उद्या निघायचंच आहे. घाई काय आहे?

पाच वर्षांत हा माणूस बोट सोडून जमिनीवर एक तास जास्त राहायला तयार झाला नव्हता. बाईंना ते खटकलं. पण गुडघा खरंच सुजला होता, म्हणून त्या एकट्या बाजारात गेल्या.

संध्याकाळी परत आल्या तेव्हा कप्तान झोपलेलेच होते. बाईंनी हलवलं, हाका मारल्या, शेवटी तोंडावर पाणी शिंपडलं. कप्तानांनी डोळे न उघडता कूस बदलली आणि अगदी समाधानानं म्हणाले,

“झोप गं. कुणीतरी जागं आहे ना.”

५

बंदरातला डॉक्टर येऊन नाडी बघून गेला. रक्तदाब ठीक, ताप नाही, दमलेत, झोपू द्या. जाता जाता तोही जांभई देऊन गेला. बाई पलंगाच्या पायथ्याशी बसल्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही असं ठरवून मनात तेवीसचा पाढा सुरू केला. तेवीस साते एकशे एकसष्ट झालं, आणि पुढच्या क्षणी गुरुवारचे दहा वाजले होते. त्या पलंगावर होत्या. गळ्यापर्यंत चादर होती, चारी बाजूंनी नीट खोचलेली.

खुर्ची पूर्ण वळली होती. खिडकीकडे पाठ, पलंगाकडे तोंड. अगदी जवळ आलेली.

बाई घाबरल्या. इथं आडपडदा नको. त्यांनी कप्तानांच्या नाकासमोर बोट धरलं. श्वास होता, संथ, लांब लांब. दोन श्वासांच्या मध्ये बाईंना आठपर्यंत मोजता आलं.

खाली शिडवाली त्यांच्याच शिडाची कड शिवत होती. बाईंनी विचारलं, या खोलीत आधी कोण राहिलं होतं? शिडवालीनं टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या. बोटवालेच राहतात, म्हणाली. झोप छान लागते म्हणतात सगळे. दुकानाच्या खिडकीबाहेर गोदीच्या कोपऱ्यात एक छोटी पिवळी बोट ठोकळ्यांवर होती. तिच्या डेकवर कमरेइतकं गवत उगवलं होतं. शिडवालीनं तिच्याकडे हनुवटी केली. तिचा मालक एकटाच फिरायचा, म्हणाली. तीस वर्षं म्हणे सलग दोन तास झोपला नव्हता, झोपणार कुणाच्या भरवशावर? चार दिवसांसाठी आला होता. मी नाश्ता घेऊन वर जायची, तो झोपलेला. तोंडावर काय समाधान होतं.

बाईंनी विचारलं, मग?

“मग झोपेतच गेला,” शिडवाली म्हणाली. “चांगलं मरण आलं.”

तिनं टाचण्या परत तोंडात घातल्या. बारा वाजले आणि मशीन थांबलं.

६

मुकादम आणि एखादा हमाल बोलावून कप्तानांना उचलून बोटीवर न्यावं, हा पहिला विचार. पण बोटीवर नेऊन काय? झोपलेला माणूस झोपलेलाच राहणार. अकरा दिवस एकटीनं बोट हाकता येत नाही, आणि तो श्वास अकरा दिवस पुरेल असं बाईंना वाटत नव्हतं. दोन श्वासांच्या मध्ये आता अकरा मोजून होत होते. नुसतं तिथं थांबलं तर लेक बेटावर एकटी, नवरा इथं पलंगावर, आणि आपण मध्ये चादर खोचलेल्या. बाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या आणि वर्गात पोरं अडली की करायच्या तेच केलं. दिलंय काय, ते आधी लिहून काढा.

दिलंय ते असं. सोमवारी चार वाजता आपण पहारा दिला. तो कुणीतरी घेतला. बरोबर शब्दांत घेतला. आणि सोमवारपासून आजपर्यंत त्याच्याकडून तो परत कुणी घेतलेलाच नाही.

बाईंना एकदम लख्ख दिसलं. जागत्यानं जागा सोडायची नाही, समोरच्यानं तोंडानं म्हटल्याशिवाय. पडला तरी बेहत्तर. नियम कुणाचा? त्यांचाच. तीन दिवस कुणीतरी तो नियम पाळत बसलं होतं, आणि खिडकीतली बोट सोडून ज्यांच्यासाठी जागायचं त्यांच्याकडे तोंड करून बसलं होतं. ते वाईट होतं की चांगलं हे बाईंना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याच्याशी कर्तव्यही नव्हतं. नवरा हवा होता. सहाची भरती हवी होती.

हे सगळं वेड्यासारखं आहे, हेही त्यांना कळत होतं. छत्तीस वर्षं पोरांना पुरावा मागणारी बाई रिकाम्या खुर्चीकडून पहारा घ्यायला निघाली, हे कुणी ऐकलं असतं तर हसून लोळलं असतं. पण वेडेपणा केला आणि काही झालं नाही, तर पंधरा मिनिटं जातील. केला नाही, तर काय जाईल ते वर झोपलं होतं.

त्या बोटीवर गेल्या. सामान बांधून ठेवलं, नांगराचा दोर आवरला, शिवून झालेलं शीड चढवून गुंडाळून ठेवलं. मग पहाऱ्याला जाताना घालायचा जाड कोट घातला, रबरी बूट चढवले, शिट्टी गळ्यात अडकवली. भर उन्हात त्या वेशात गोदीतून जाताना मुकादम बघत राहिला. बाईंनी त्याला सांगितलं, सहाला दोर सोडायला धक्क्यावर माणूस ठेवा. दोघं निघतोय.

७

चारला पाच मिनिटं कमी असताना त्या जिना चढल्या. अर्ध्या जिन्यातच डोळे जड झाले. बाईंनी गालाचं आतलं कातडं दातांत धरलं आणि रक्ताची चव येईपर्यंत चावलं.

खोलीत उन्हाचे पट्टे होते. पलंगावर भिंतीकडच्या बाजूला कप्तान, डोक्यावरून चादर. खुर्ची पलंगासमोर, जिन्याकडे पाठ करून. खुर्चीत काही दिसत नव्हतं. उंच पाठीमुळं दिसणारही नव्हतं. खुर्चीच्या हातावर मात्र उन्हाचा पट्टा पडायला हवा होता तिथं तो पडला नव्हता.

घड्याळात चारचे ठोके पडले. पहारा घ्यायला आलेल्यानं जागत्याच्या उजव्या खांद्यामागं उभं राहायचं आणि विचारायचं, ही रीत. बाई उभ्या राहिल्या. ओल्या शिडाला येतो तसा कुबट वास आला.

“काय दिसतंय?” त्यांनी विचारलं.

काहीच झालं नाही. कप्तानांचा एक श्वास बाहेर पडला. बाईंनी मोजलं. आठ. अकरा. पंधरा. मग वेत कुरकुरला, जरा वेळ गेला, आणि उत्तर आलं. बऱ्याच दिवसांत न बोललेल्या माणसाचा आवाज होता, बाईचा की पुरुषाचा सांगता येऊ नये असा.

“वारा नाही. जहाज नाही. दोघं झोपलेत.”

दोघं. बाईंनी पलंगाकडे पाहिलं. चादरीखाली दोघं होती. भिंतीकडं कप्तान, आणि अलीकडं आणखी कुणीतरी, कुशीवर, तसंच डोक्यावरून पांघरून. चादरीबाहेर वेणी आली होती, पांढरी, शेवटी निळं रबर लावलेली. निळं रबर बाईंनी सोमवारी बाजारातून घेतलं होतं.

त्यांचा हात आपोआप मानेमागं गेला. वेणी होती. रबर होतं. कोटाची कॉलर होती. गालात रक्ताची चव होती. पण त्या अंथरुणात आपली जागा तयार आहे, चादर कुणीतरी नीट खोचून देईल, असं फार गोड वाटत होतं. त्याच्या हिशेबानं आपण झोपलेल्याच आहोत, हे बाईंना कळलं. आपण मान्य केलं, की ते खरं.

चुकीच्या उत्तराशी बाईंनी आयुष्यात कधी वाद घातला नव्हता. त्या सरळ त्यावर काट मारायच्या.

“पहारा माझा,” त्या म्हणाल्या.

वेत कुरकुरला, वजन सोडल्यासारखा. बाईंनी मान वळवली आणि नजर खिडकीवर ठेवली, आपल्या बोटीच्या डोलकाठीवर. डाव्या बाजूनं कुणीतरी गेलं, सावकाश, फार दमलेल्या पायांनी. मागं पलंगाची फळी दबली. पहारा सुटलेला माणूस कुठं जातो, हे ठरलेलंच होतं.

मग खोकला. आणि कप्तानांचा, अगदी कप्तानांचाच, घोगरा आवाज. “मास्तरीण, किती वाजले गं? आणि हा कोट कसला घातलायस उन्हाचा?”

बाई वळल्या. अलीकडच्या बाजूला कुणी नव्हतं. चादरीत खोलगट जागा तेवढी होती. त्यांनी नवऱ्याचा हात धरला, उठवला, चपला त्याच्या पायात घातल्या आणि बारा पायऱ्या उतरवून धक्क्यावर आणला. कप्तान वाटभर भूक लागल्याची तक्रार करत होते. ती तक्रार ऐकून बाईंना रडू आलं, ते त्यांनी घाम पुसायच्या निमित्तानं पुसलं. सहाला पाच मिनिटं कमी असताना बोटीचे दोर सुटले.

८

कप्तानांनी तीन दिवसांची झोप साठवली होती, त्यामुळं ती रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यांनीच काढली. खाली आलेसुद्धा नाहीत. डेकवर बसून बटाटे उकडून खाल्ले आणि गाणी म्हटली. बाई त्यांच्याजवळच कोट पांघरून बसून राहिल्या. खोलीतलं सगळं त्यांनी सांगितलं. कप्तानांनी ऐकून घेतलं, थट्टा केली नाही, पण दमलीस तू, एवढंच म्हणाले. बाई म्हणाल्या, ठीक आहे, मानू नका. पण आजपासून फळीवर टकटक करायची नाही. मला हाक मारायची, पायाला हात लावून उठवायचं. कप्तान हसले. शाळा सुटली तरी नियम सुटत नाहीत हिचे, म्हणाले, आणि कबूल केलं.

वारा छान होता. दुपारी बारा वाजता कप्तानांनी त्यांना खाली पिटाळलं.

खालचा बिछाना चार दिवस कुणी वापरलेला नव्हता. बाईंनीच सोमवारची धुतलेली चादर त्यावर घातली होती. आता तिच्यात खोलगट जागा होती. बाईंनी हात ठेवला. ऊबदार होती.

त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. इंजिन बंद होतं, ऊन तिथं पोचत नव्हतं. दुसरं काही सापडतंय का ते त्यांनी प्रामाणिकपणे शोधलं. मग त्यांनी आवाज न करता आपली उशी उचलली आणि समोरच्या अरुंद बाकावर आडव्या झाल्या, बूट घालूनच, बिछान्याकडे तोंड करून. पहारा सुटलेला माणूस झोपणारच. झोपू दे बापड्याला. फळीवर टकटक झाली नाही, तर त्याला उठायचं कारण नाही.

चार तास त्या पाणी कापल्याचा आवाज ऐकत जाग्या राहिल्या. चार वाजले. वर कप्तान गाणं म्हणता म्हणता थांबले. पाच वर्षांच्या सवयीचा हात. त्याला काल दिलेलं वचन काय आठवणार.

बिछान्यावरच्या फळीवर दोनदा टकटक झाली.

“वारा नैऋत्य, बरा आहे,” कप्तान वरून म्हणाले. “जहाज नाही. पहारा तुझा.”

बिछान्याची फळी कुरकुरली. चादर हलली. कुणीतरी बोलण्यासाठी श्वास घेतला. आणि मग जरा वेळ गेला, सोमवारी गेला होता तसा, गुरुवारी गेला होता तसा. बाई नेमकी त्याचीच वाट बघत होत्या.

“पहारा माझा!” त्या म्हणाल्या, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात.

वरून कप्तान म्हणाले, अगं हळू, बहिरा नाही मी. बाई तोवर शिडीवर होत्या. मागं फळी पुन्हा एकदा कुरकुरली, चुकून उठवलेला माणूस कूस बदलतो तशी, आणि शांत झाली.

त्यांनी सुकाणू हातात घेतलं. कप्तानांना परत एकदा बजावायचं होतंच, पण त्या हाताचा काही भरवसा नव्हता. लेक दहा दिवसांवर होती. दिवसातून तीनदा कप्तान त्यांना उठवणार. म्हणजे तीस वेळा, त्यांतली एक आत्ता झाली, उरल्या एकोणतीस.

एकोणतीस वेळा आधी बोलायचं. जमेल, बाईंनी ठरवलं.